पूजेनंतरचा पहिला घाव

बंगळूरला बनशंकरीच्या त्या गल्लीत नरसिंगराव मास्तरांचा राग कुणी पाहिलेला नव्हता. सातचा पाढा कितीही वेळा चुको, ते पुन्हा त्याच आवाजात ‘सात एके सात’पासून सुरुवात करायचे. कॉर्पोरेशनच्या शाळेत सगळी नोकरी झाली, पण छडी हातात धरली ती फक्त नकाशावर तुंगभद्रा दाखवायला. म्हणून यंदा दसऱ्याच्या आधी महिनाभर त्यांच्या पोटात जे खदखदत होतं, त्याला काय म्हणावं हे त्यांनाच कळेना.

तुंगाबाईंना मात्र कळलं होतं.

“राग आलाय तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “पित्त नाही ते. तो ओवा ठेवा डब्यात परत.”

सगळं सुरू झालं ते गाडीवरून. घरात एक जुनी लाल गाडी होती, लहानशी, बाजूला पोचे आलेली. ती सून चालवायची. अनुषाचं ऑफिस पार बेळ्ळंदूरला. रोज सकाळी ती लाल गाडी काढायची आणि दिवेलागणीला कपाळाला हात लावत परत यायची. मुलगा अनिलकुमार याचा बोम्मसंद्र्याला मशीनचे सुटे भाग करायचा कारखाना. तो कारखान्याच्या व्हॅनमधून जायचा. व्हॅनला ड्रायव्हर होता, त्यामुळे अनिलकुमार जाताना पेपर वाचायचा आणि येताना घोरायचा.

कारखान्याला बरे दिवस आले, तसा एका रविवारी जेवताना विषय निघाला.

“ह्या गावात रस्ते नाहीत, अण्णा,” अनिलकुमार भात कालवत म्हणाला. “खड्डे आहेत, आणि खड्ड्यांच्या मधे मधे स्वल्प डांबर आहे. आपल्याला उंच गाडी पाहिजे. भक्कम. चाकं बघितली का त्या गाडीची? दगडावरून जाते, चिखलातनं जाते, अंडरपासमधे छातीएवढं पाणी असलं तरी जाते. सकलेशपूरच्या डोंगरात नेली तरी मागं वळून बघायला नको.”

“सकलेशपूरला शेवटचा कधी गेला होतास?” अनुषानं विचारलं.

“गाडी असली की जाऊ.”

“मला रोज दीड-दीड तास स्टिअरिंगमागे बसायचं असतं. मला ट्रक नको. आणि अंडरपासमधे छातीएवढं पाणी असताना आत शिरतं कोण? म्हैस?” तिनं फोन काढून सासऱ्यांपुढे धरला. “मामंजी, ही बघा. बुटकी दिसते, पण सीट कशी आहे बघा, पाठीला धरून ठेवते. आवाज नाही, धक्का नाही. आणि पाय नुसता टेकवला की निघते.”

“निघून जाणार कुठं?” अनिलकुमार हसला. “सिल्क बोर्डच्या सिग्नलपर्यंत?”

“तीनशे घोडे आहेत म्हणे त्या इंजिनात,” तुंगाबाई ताक वाढत म्हणाल्या. “तीनशे घोडे, आणि सिल्क बोर्डला एका टेम्पोच्या मागं उभे! दाणा-पाणी तरी सोबत देतात का?”

सगळे हसले. नरसिंगरावही हसले. मग दोघांनी त्यांना पंच नेमलं. मास्तरांना वाद ऐकायला आवडायचं. मुलं वाद घालतात म्हणजे डोकं चालवतात, असं त्यांचं मत. त्यांनी दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, “गाडी रोज कोण चालवणार?”

“अनुषा.”

“मग उत्तर मिळालं की.”

“तसं नसतं, अण्णा. गाडी घरची असते. दारात उभी राहिली की चार लोक बघतात. ती बुटकी दारात उभी केली तर लोक म्हणतील, मधेच खचली का काय.”

त्या रविवारी कुणी रागावलं नव्हतं.

त्या घराचं अंगण म्हणजे गाडी ठेवायची जागा. तीस बाय चाळीस फुटांची साइट, म्हणजे प्लॉट; तीत घर, आणि घराच्या कुशीत छपराखालची एक पट्टी. गेटातून आत आलं की उजवीकडे घराची भिंत आणि डावीकडे कंपाउंडला लागून एक लांबलचक दगडी कट्टा. घर बांधताना उरलेल्या शिळा वाया जाऊ नयेत म्हणून घातलेला. लाल गाडी भिंतीला चिकटून उभी राहिली की कट्टा मोकळा राहायचा. परसात, साइटीला पहिल्यांदा कुंपण घातलं तेव्हाचा एक दगडी खांब अजून होता. त्याला तुंगाबाईंची कपड्यांची दोरी बांधलेली असायची.

तो कट्टा म्हणजे नरसिंगरावांची शाळा. रिटायर झाल्यापासून संध्याकाळी तिथं मुलं यायची. गल्लीच्या टोकाला नेहमी कुठली ना कुठली इमारत चढत असायची. तिथल्या पत्र्याच्या शेडमधली, वॉचमनची, इस्त्रीवाल्याची. कुणी यादगीरचं, कुणी रायचूरचं, एखादं ओडिशाचं. मुलं त्यांना ‘मेष्ट्रे’ म्हणत. मास्तर कुणाला कन्नडमधून, कुणाला मोडक्या हिंदीतून अक्षरं शिकवत, हिशेब शिकवत, आणि मूल वाचायला लागलं की त्या इमारतीचं काम संपायचं आणि मूल निघून जायचं. त्याचं मास्तरांना कधी वाईट वाटलं नाही. वाचता येणारं मूल पुढं जाणारच, असं ते म्हणत.

यंदाच्या मुलांत शिवलीला होती. यादगीरकडची, दहा-एक वर्षांची, कमरेवर धाकटा भाऊ घेऊन येणारी. महिनाभरापूर्वी तिला एकाएकी वाचता यायला लागलं होतं. तेव्हापासून दुकानाची पाटी, बसचा फलक, औषधाचं खोकं, काही म्हणजे काही ती सोडत नव्हती. आणि वर्गात तिचा दरारा असा, की मास्तर मधेच आत पाणी प्यायला गेले तरी कट्ट्यावर चिडीचूप.

पुढच्या रविवारी दोन्ही गाड्या घरी बघायला मागवल्या. आधी उंच गाडी आली. गल्लीतली अर्धी माणसं गेटावर. शोरूमच्या माणसानं ती अलगद आत घेतली. गाडी आत आली, पण आत आल्यावर एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कट्टा, मधे नुसती गाडी. दार उघडायला जागा नाही. अनिलकुमार शेजारच्या सीटवर होता. त्यानं इकडचं दार ढकललं, तिकडचं ढकललं, मग मागच्या सीटवरून सरपटत डिकीतून बाहेर आला. शर्ट सगळा पाठीवर.

“डोंगर चढते म्हणालास ना?” तुंगाबाई पायरीवरून म्हणाल्या. “कट्टा चढवून बघ की.”

दुपारी बुटकी गाडी आली. दिसायला खरंच देखणी. अनुषानं तिच्यावरून असा हात फिरवला की नरसिंगरावांनाही वाटलं, घ्यावी पोरीनं. पण गेटाच्या उतारावर तिचं पोट टेकलं. पुढची चाकं अंगणात, मागची रस्त्यात, आणि मधे गाडी सीसॉसारखी डुगडुगली. शोरूमवाला म्हणाला, उतार लांबवावा लागेल, म्हणजे गाडी तिरकी घेता येईल. पण तिरकी घ्यायची तर तो कट्टा आड येतो.

त्या रात्री नवरा-बायको पुन्हा भांडले. उंच का बुटकी, भक्कम का वेगवान, आठवड्याचे पाच दिवस महत्त्वाचे का वर्षातली एक सहल. मास्तर आतून ऐकत होते. मग आवाज एकदम शांत झाले, आणि अनुषा म्हणाली, “काही घेतलं तरी कट्टा काढावा लागेलच.”

“ते तर आहेच,” अनिलकुमार म्हणाला.

महिनाभरात त्या दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर.

सकाळी चहा घेताना अनिलकुमारनं ते सांगितलंही, पाण्याची टाकी धुवायला माणूस येणार आहे असं सांगावं तसं. “अण्णा, कट्टा काढूया. तुमची ती मुलं गच्चीवर बसू देत. वारा पण चांगला लागतो.”

“गच्चीवर मला चढवतं का?”

“मग स्वल्प आराम करा आता. किती वर्षं ते ट्यूशन चालवायचं? तिकडं सरकारी शाळा आहे, अंगणवाडी आहे. आणि गाडी आली की तशीही ती मुलं इथं नकोतच. पाट्या, दप्तरं, ती पेन्सिलीची टोकं. एक ओरखडा पडला तर काय करणार?”

नरसिंगरावांनी अनुषाकडे पाहिलं. ती फोनकडे पाहत होती. “मामंजी, आमच्या ऑफिसतर्फे मुलांसाठी काहीतरी करतात,” ती म्हणाली. “मी विचारते त्यांना. सोय होईल.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. मूल चुकलं तर लगेच टोकू नये, थांबावं, त्याला त्याची चूक दिसू द्यावी, दिसते. आयुष्यभर असंच शिकवलं होतं आणि आयुष्यभर ते खरं ठरलं होतं. ते थांबले. मुलगा ज्या कट्ट्यावर बसून बेरीज शिकला, तोच कट्टा तो काढायला निघाला होता. दिसेल त्याला, ते स्वतःशी म्हणाले.

त्याला काही दिसलं नाही. तो येता-जाता टेपनं कट्टा मोजायचा. एकदा तर वर्ग चालू असताना मोजायला आला, मुलांना म्हणाला, “सरीरी, सरीरी, सरका जरा, पाय वर घ्या.” मुलांनी पाय वर घेतले. शिवलीलानं टेपेचं टोक धरून मदत केली आणि मोठ्यानं आकडा वाचून दाखवला. “वा,” अनिलकुमार म्हणाला आणि तिच्याकडे न बघता आकडा फोनमधे टिपला.

त्या दिवशी नरसिंगरावांनी फळ्यावर चुकीचं गणित लिहिलं आणि मुलांनीच ते दाखवून दिलं. रात्री जेवताना त्यांनी ताट असं सरकवलं की वाटी कलंडली.

“दुसऱ्यांच्या पोरांवर जन्मात ओरडला नाहीत,” तुंगाबाई पुसता पुसता म्हणाल्या. “निदान आपल्या पोरावर तरी ओरडा. घर तुमचं आहे.”

“घर सगळ्यांचं आहे.”

“मग कट्टा कुणाचा?”

मास्तर हात धुवायला उठले.

दसऱ्याला आठ दिवस असताना अनिलकुमार पेढे घेऊन आला. उंच गाडी बुक केली होती. काळी. अनुषाला न विचारता.

“आयुधपूजेला हीच मिळत होती,” तो म्हणाला. “तुझ्या त्या गाडीला तीन महिने थांबावं लागलं असतं. मुहूर्त चुकवायचा का? सवय होईल तुला. आणि दसरा झाला की लाल गाडी एक्स्चेंजमधे जाईल, तेही बोलून आलोय.”

अनुषानं पेढा घेतला नाही. त्या दिवसापासून तिनं आपल्या बोलण्यातून नवरा वजा केला. “आत्याबाई, त्यांना विचारा, भात वाढू का?” असं ती त्याच्यासमोर बसून विचारायची. घरात आता दोन माणसं धुमसत होती, तिसऱ्याला पत्ता नव्हता, आणि चौथी पुरणपोळीची डाळ निवडत सगळ्यांची मजा बघत होती.

आयुधपूजेचा, म्हणजे खंडेनवमीचा दिवस उजाडला. बंगळूरमधे त्या दिवशी रिक्षापासून रोलरपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा. बनशंकरीच्या रस्त्यावर केळीचे खुंट, कोहळ्यांचे ढीग आणि चुरमुऱ्यांची पोती. अनिलकुमारनं आदल्या दिवशी कारखान्यात पूजा करून घेतली होती; मशिनींना कुंकू लावून, कामगारांना मिठाई देऊन, दोन दिवस टाळं. सगळं त्यानं नीट आखलं होतं. सकाळी गवंडी येणार, कट्टा फोडणार, दुपारी गाडी येणार, आत उभी राहणार, पूजा होणार.

गवंडी आला नाही. अनिलकुमारनं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर केला.

“यल्लाप्पा! कुठं आहेस? किती वाजले?”

“घरीच हाय की, मालक.” यल्लाप्पा मूळचा चिकोडीकडचा, आवाज असा की फोनची गरज नव्हती. “आज आयुधपूजा न्हवं का! हातोडा, छिन्नी, थापी, समदी देवापुढं बसल्यात. आज हत्यार उचलतंय कोण? तुमी तरी कारखाना चालवताय का आज?”

आपल्या मशिनींना अनिलकुमारनं सुट्टी दिली होती. गवंड्याच्या हातोड्यालाही त्याच देवाची सुट्टी असते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तुंगाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

“उद्या येतो म्हणा,” यल्लाप्पा म्हणाला. “उद्या दसऱ्याला काम धरायचं, चांगला दिस.”

दुपारी गाडी आली. डोंगर चढणारी, नद्या ओलांडणारी ती काळी गाडी दोन झेंडूच्या माळा घालून गेटाबाहेर रस्त्यात उभी राहिली, आणि तिच्यामागे टँकरवाला हॉर्न वाजवायला लागला.

आत कट्ट्यावर मुलं जमली होती. दरवर्षीचा रिवाज होता: त्या दिवशी पाट्या, पेन्सिली, पुस्तकं, फळा, सगळं कट्ट्यावर मांडायचं आणि ज्यानं त्यानं आपल्या हत्याराची पूजा करायची. नरसिंगरावांनी ओल्या विभूतीची वाटी शिवलीलाच्या हातात दिली होती. “प्रत्येकाला तीन बोटं लाव,” त्यांनी सांगितलं होतं. “कुणाला विसरू नकोस हं.”

शिवलीला कामाला लागली. पाट्यांना लावली, फळ्याला लावली, मास्तरांच्या चष्म्याच्या घरालाही लावली. तुंगाबाईंच्या विळीला, अनुषाच्या लॅपटॉपच्या बॅगेला, लाल गाडीला. मग गेटाला. मग तिला बाहेर ती काळी गाडी दिसली. माळ घातलेली, चाकांखाली लिंबं ठेवलेली, पण कपाळ मोकळं. तिला राहिलेलं बरं वाटेना. तिनं धाकट्याला खाली ठेवलं, टाचा उंचावल्या, आणि त्या चकचकीत बॉनेटवर तीन बोटं ठेवून आडवी ओढली. पांढऱ्या तीन रेघा, अगदी सरळ.

“ए!”

अनिलकुमार नारळ टाकून धावला. त्यानं तिचं मनगट धरलं आणि तिला गाडीपासून ओढून काढलं. “कुणी सांगितलं तुला? आं? कोटिंग आहे त्याच्यावर! राखेचे कण असतात, चरे पडतात, अक्कल आहे का? ह्याच्यासाठीच म्हणत होतो, ही पोरं नकोत!”

वाटी रस्त्यावर पडली. विभूती सांडली. धाकटा भोकाड पसरून रडायला लागला. शिवलीला रडली नाही. ती फक्त आपल्या मनगटाकडे बघत होती.

“हात सोड,” गेटातून आवाज आला.

अनिलकुमारनं वळून पाहिलं. “अण्णा, बघितलंत ना—”

“हात सोड म्हणतोय ना!”

गल्लीतल्या लोकांनी तो आवाज पहिल्यांदाच ऐकला. टँकरवाल्यानं हॉर्न थांबवला. अनिलकुमारच्या हातातून ते मनगट आपोआप सुटलं.

“विभूती लावली तिनं,” नरसिंगराव म्हणाले. “मी सांगितलं होतं, म्हणून लावली. कुणाला विसरू नकोस म्हणालो होतो. देवाच्या कपाळाला चालते ती, माझ्या कपाळाला चालते. तुझ्या बॉनेटला नाही चालत?”

“अण्णा, चरे—”

“पडू देत! दगडावरून जाणार होती ना ही? चिखलातनं, पाण्यातनं? सकलेशपूरचे डोंगर चढणार होती? एका पोरीची तीन बोटं लागली आणि घायाळ झाली? असली कसली भक्कम गाडी आणलीस रे? आणि कुणासाठी? जी रोज चालवणार तिला विचारलं नाहीस. ज्यांच्या दारात उभी करणार त्यांना विचारलं नाहीस. लोकांनी बघावी म्हणून आणलीस. मग बघू देत लोकांना! बघा हो, बघा सगळे!”

“लोक ऐकताहेत, अण्णा. आत बोलू.”

“महिनाभर आतच होतो मी. गप्प बसून. तुला दिसेल, आज नाही उद्या दिसेल, म्हणून थांबलो. तुला मुलं दिसत नाहीत, कट्टा दिसत नाही, बायको दिसत नाही. तुला फक्त चरा दिसतो!”

ते बोलत असतानाच शिवलीलानं धाकट्याला कमरेवर घेतलं आणि ती चालायला लागली. तिच्यामागे एकेक करून बाकीची मुलंही. पाट्या तशाच कट्ट्यावर राहिल्या. नरसिंगरावांनी हाक मारली, पण घसा बसला होता. ओरडायची सवय नव्हती.

संध्याकाळी गाडीपुढे कोहळा फोडला गेला नाही. अनिलकुमारनं कापडानं त्या तीन रेघा पुसल्या. मास्तर जेवले नाहीत. “मुलं परत येतील का?” एवढंच त्यांनी तुंगाबाईंना विचारलं. तुंगाबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच काही चिमटा काढला नाही.

दसऱ्याच्या सकाळी यल्लाप्पा आला. एका खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातोड्याला कुंकू, छिन्नीला झेंडूचं फूल. दुसऱ्या हाताला चार वर्षांची नात, डोक्यावर दोन शेंड्या आणि नवा परकर.

“मास्तर, ही सोनम,” तो गेटातूनच गरजला. “हिची अक्षरं आज तुमच्या हातनं सुरू करायची, असं माझ्या पोरीनं सांगितलंय. म्हटलं जातोच हाय त्या गल्लीत कट्टा फोडायला, तर न्यावी संगं.” मग त्यानं कट्ट्याकडे पाहिलं, त्यावरच्या पाट्यांकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि अनिलकुमारकडे वळला. “ह्योच व्हय तो कट्टा? तुमी फोनवर नुसतं कट्टा म्हणालात, मालक!”

“हाच. सुरू कर,” अनिलकुमार म्हणाला. रात्रभर गाडी रस्त्यात होती आणि शेजाऱ्यांनी दोनदा बेल वाजवली होती. त्याचे डोळे लाल होते. “अण्णा, काल झालं ते झालं. पण गाडी आता आणलीय. ती काय डोक्यावर ठेवू?”

यल्लाप्पानं पिशवी खाली ठेवली, पण उघडली नाही. “एक अडचण हाय. पूजेनंतरचा पहिला घाव आम्ही मोडायला घालत न्हाई. आधी कायतरी उभं करायचं, मग मोडामोड. माझ्या बापानं कधी मोडलं न्हाई ते, मीबी मोडणार न्हाई.”

“तर मग लाव कुठंतरी एक वीट आणि कर सुरू!”

“वीट नको,” नरसिंगराव म्हणाले.

कालच्यासारखा आवाज चढला नव्हता. पण राग तसाच्या तसा होता. फक्त आता त्याला काय करायचं ते कळलं होतं.

“यल्लाप्पा, परसात एक दगडी खांब आहे. तो काढ. आणि इथं रोव, गेटाच्या आत, ह्या बाजूला.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग अनिलकुमारला कळलं. गेटात तो खांब उभा राहिला तर काळी गाडी आत येणं नाही. आणि गाडी आत येणारच नसेल, तर कट्टा फोडून उपयोग नाही.

“अण्णा, हे असं रागात करू नका.”

“रागातच करतोय. शांतपणे महिनाभर करून पाहिलं.”

“आई, तू तरी सांग!”

“काय सांगू?” तुंगाबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. “माझीच दोरी जातेय. यल्लाप्पा, खाली वाकून बघ, मुळाशी विटांचे तुकडे घातलेत, ते आधी उचक.”

यल्लाप्पाला हसू आवरेना, पण त्यानं हातोडा कपाळाला लावला आणि परसात गेला. खांब निघाला. गेटात पहार घातली, खड्डा घेतला. तेव्हा आतून अनुषा आली. ऑफिसला सुट्टी होती; हातात लाल गाडीची किल्ली. ती गाडीत बसली, गाडी बाहेर काढली, पुन्हा आत घेतली, काच खाली केली.

“खांब आणखी स्वल्प तिकडे घ्या,” ती यल्लाप्पाला म्हणाली. “ही गाडी आरामात आली पाहिजे. ही कुठंही जाणार नाही.”

अनिलकुमारनं तिच्याकडे पाहिलं. “तू पण?”

“आत्याबाई, त्यांना सांगा,” ती म्हणाली, “उंच गाडी रोज त्यांनीच चालवायची. बोम्मसंद्र्यापर्यंत. पेपर न वाचता.” मग ती उतरली आणि सासऱ्यांसमोर उभी राहिली. मास्तर तिच्याकडेही कडकच बघत होते. कट्टा काढावा लागेलच, हे वाक्य तिचं होतं.

“तुझ्यावरचा राग गेलेला नाही माझा,” ते म्हणाले.

“असू दे, मामंजी. आधी खांब होऊ दे.”

खांब उभा राहिला. यल्लाप्पानं दगड-मातीनं तो ठोकून बसवला, वर सिमेंट लावलं, ओळंबा धरून पाहिला. सोनमनं ताटातल्या तांदळात बोट फिरवून पहिलं अक्षर काढलं. मास्तरांनी तिचं बोट धरलं होतं, पण त्यांचं लक्ष गेटाकडे होतं. कट्टा शाबूत होता. पाट्या शाबूत होत्या. मुलं नव्हती.

“अनिल,” त्यांनी हाक मारली. “शेडवर जा. शिवलीलाला घेऊन ये. गाडी घेऊन नाही, चालत.”

“मी जाऊन काय सांगू तिला?”

“ते मी नाही सांगणार. काय चुकलं ते ज्याचं त्यानं सांगायचं असतं. जा.”

तो गेला. परत यायला त्याला बराच वेळ लागला. आधी त्याच्यामागून इस्त्रीवाल्याची दोन मुलं आली, मग वॉचमनचा मुलगा, आणि मग शिवलीला, धाकटा कमरेवर. ती त्याच्या बरोबर नव्हती. चार पावलं मागं, रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालत होती. त्यानं तिला काय सांगितलं, हे कुणालाच कळलं नाही.

गेटात येऊन ती थांबली. नवा खांब तिनं खालपासून वरपर्यंत पाहिला.

“मेष्ट्रे, हे कुणाचं?”

“तुमचं,” नरसिंगराव म्हणाले. “ह्याला काल विभूती लावायची राहिली. लावतेस?”

तुंगाबाईंनी नवी वाटी आणून दिली. शिवलीलानं तीन बोटं बुडवली आणि दगडावर आडवी ओढली. मग कट्ट्याकडे निघाली.

अनिलकुमार अजून बाहेर, गाडीपाशी उभा होता. तो पुढं आला, जरा वाकला. “गाडीलाही लाव ना,” तो तिला कन्नडमधे म्हणाला. “राहिलीय ती.”

शिवलीलानं वाटीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग आपलं मनगट दुसऱ्या हातानं धरलं.

“बेडा,” ती म्हणाली. नको.

ती कट्ट्यावर आपल्या जागी जाऊन बसली आणि तिनं पाटी मांडीवर घेतली. नरसिंगरावांनी खडू उचलला. काळी गाडी रस्त्यात उभी होती, अनिलकुमार तिच्याशेजारी, आणि मागं कुणीतरी पुन्हा हॉर्न वाजवायला लागलं होतं. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही.

“सात एके सात,” ते म्हणाले.